बाकावरचा ड्रॅगफ्लिकर आणि गॅलरीतले आपण साठ प्रशिक्षक



पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढं जा. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका. कारण गेल्या आठ दिवसांत कासारवाडीत जी भानगड चाललीय तिची सुरुवात अर्ध्या माहितीवर टाकलेल्या एका पोस्टनं झाली, आणि ती पोस्ट माझी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर आपल्या भागातल्या एका कॉलेजची मॅच होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना त्याची गरज नाही. गॅलरीत कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, खडकीकडची मिळून पन्नास-साठ डोकी. कॉलेज हॉकीला एवढी माणसं येतात हेच आजकाल विशेष. चौथा क्वार्टर, आपण १-२ नं मागे, चारेक मिनिटं बाकी. आणि प्रशिक्षकांनी टीमचा एकमेव ड्रॅगफ्लिकर बाहेर घेतला. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचं एक पोरगं आत पाठवलं. चाळीस सेकंदही झाले नसतील, आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फ्लिकर बाकावर, तोंडाला पाण्याची बाटली. गॅलरी पेटली. "त्याला आत पाठव! अरे पाठव ना!" प्रशिक्षक हलले नाहीत. कॉर्नरवर चेंडू आत ढकलायचं काम त्या नव्या पोराकडे आलं, पुश वाकडा गेला, थांबवणाऱ्याच्या स्टिकला लागून उडाला, समोरच्यांनी तो उचलला आणि थेट आपल्या गोलपर्यंत नेला. १-३. संपलं.

मी गॅलरीतूनच मोबाईलवर टाईप केलं. "कॉर्नर मिळाला, फ्लिकर बाकावर, प्रशिक्षक ढिम्म. हट्टापायी मॅच घालवली." खाली कुणीतरी काढलेली चौदा सेकंदांची क्लिप जोडली. स्टेडियममधून निघून नाशिक फाट्याच्या पुलाखाली येईस्तोवर दोनशे लोकांनी ती पुढं पाठवलेली होती.

आता चूक सांगतो. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत हॉकीत बदली खेळाडू आत पाठवता येत नाही. बचाव करणाऱ्या टीमचा गोलकीपर जखमी झाला किंवा त्याला कार्ड मिळालं तर तेवढीच सूट. एरवी ज्या क्षणी पंच कॉर्नर देतो, त्या क्षणी मैदानावर जे आहेत तेच. प्रशिक्षक हट्टानं हलले नाहीत असं नव्हे, त्यांना हलताच येत नव्हतं. गॅलरीत हा नियम किती जणांना ठाऊक होता? मी नंतर विचारत फिरलो. खडकीच्या दोन जुन्या खेळाडूंना होता. ते ओरडत नव्हते, हे मला नंतर आठवलं. मी बावीस वर्षं बातमीदारी करतोय, डिप्लोमा भिंतीवर आहे, आणि मला नव्हता.

म्हणून ती पोस्ट मी काढून टाकलेली नाही. वर दुरुस्ती लिहून ठेवलीय. काढली असती तर आता तुम्हीच म्हणाला असता, मी असं लिहिलंच नव्हतं.

पण थांबा. प्रशिक्षक निर्दोष, प्रेक्षक मूर्ख, असं मी म्हणणार असेन असं वाटत असेल तर तसं नाही.

कॉर्नर मिळाल्यावर काय करायला हवं होतं हा प्रश्नच बाद आहे. खरा प्रश्न त्याच्या चाळीस सेकंद आधीचा. एका गोलनं मागे असताना, चार मिनिटं उरलेली असताना, टीममधला एकमेव फ्लिकर बाहेर का काढला? हा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. मी तो परवा सकाळी सरावाला जाऊन प्रशिक्षकांना तोंडावर विचारला. ते म्हणाले, "दोन मिनिटं आधीपासून तो हात वर करत होता. मीच थांबवून ठेवला. मग म्हटलं मिनिटभर श्वास घेऊ दे, शेवटची तीन मिनिटं पुरी ताकद लावेल. चाळीस सेकंदांत कॉर्नर मिळणार हे मला कळत असतं तर मी इथं कशाला असतो, पत्रकारसाहेब?"

मला हे अर्धंच पटलं, आणि तसं मी त्यांना सांगितलं. माझ्या मते निर्णय चुकलाच. मागे असताना गोल येण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता कॉर्नरच असतो. पोरगं दमलं होतं तर त्याला डीच्या आसपास उभं ठेवायचं, पळायचं काम दुसऱ्यावर टाकायचं. तीन-चार मिनिटं निघाली असती. दुसरं म्हणजे, फ्लिकर नसताना कॉर्नरवर काय करायचं याची तालीमच झालेली दिसली नाही. थांबवणारा वेगळा, मारणारा वेगळा, कोण कुठं उभं राहणार यावरच तिघांची बघाबघी चाललेली होती. पहिला मुद्दा त्यांनी मानला नाही. दुसरा मानला. "ते माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

झाला वाद. पंधरा मिनिटांचा, जोरदार, कुणाची आयमाय न काढता. असा वाद घाला ना! हॉकी त्यासाठीच आहे.

क्रिकेटची सवय लागलेल्या आपल्या लोकांना एक गोष्ट ध्यानात येत नाही. क्रिकेटमध्ये मॅच सुरू झाली की कारभार कॅप्टनचा, कोच वरच्या काचेमागे बसलेला. हॉकीत उलटं आहे. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, पंचाला विचारायचं नाही, खेळ थांबवायचा नाही. एक बाहेर आला की मधल्या रेषेजवळून दुसरा आत. पुढच्या फळीतला खेळाडू जीव तोडून पाच-सात मिनिटं पळतो आणि बाहेर येतो. म्हणजे साठ मिनिटांत प्रशिक्षकाला कितीदा तरी ठरवावं लागतं, आता कोण, किती वेळ, कुणाबरोबर. यातला एकेक निर्णय दहा-वीस सेकंदांत. यातले चार चुकणार, दोन भयंकर चुकणार. ज्या दिवशी ते भयंकर चुकलेले दोन शेवटच्या पाच मिनिटांत येतात त्या दिवशी आपल्याला प्रशिक्षक दिसतो. एरवी तो दिसतच नाही.

आणि दिसतो तो निकालाच्या चष्म्यातून. पॅरिस आठवा, ४ ऑगस्ट २०२४. ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. चाळीस मिनिटांहून जास्त वेळ दहा जणांनी काढायचा. क्रेग फुल्टननं काय केलं? मधल्या फळीतला मनप्रीत मागं बचावात आला, सगळी टीम खाली ओढली, ब्रिटनला चेंडू देऊन टाकला आणि श्रीजेशवर भरवसा ठेवला. १-१. शूटआऊटमध्ये ४-२. त्या रात्री आपल्या चहाच्या टपरीवर फुल्टन म्हणजे चाणक्य होता. आता कल्पना करा, त्याच डावपेचात ब्रिटननं एकोणसाठाव्या मिनिटाला एक घातला असता. तोच निर्णय, तीच माणसं, फक्त एक गोल. त्याच टपरीवर तोच फुल्टन भित्रा ठरला असता, "दहा जणांनीसुद्धा हल्ला करायला हवा होता" हे सांगायला आपण मोकळे.

उलटं उदाहरण त्याच्या दीड वर्ष आधीचं. २२ जानेवारी २०२३, भुवनेश्वर, वर्ल्डकप. न्यूझीलंडविरुद्ध आपण २-० नं पुढं होतो, मग ३-१ नं पुढं होतो, ३-३ झाले आणि शूटआऊटमध्ये गेलो. प्रशिक्षक ग्रॅहम रीड. याच माणसानं टोकियोत ब्राँझ आणून एक्केचाळीस वर्षांचा दुष्काळ संपवलेला. वर्ल्डकप संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं राजीनामा दिला. रीडचं काही चुकलं नव्हतं का? चुकलं होतं की. दोन गोलांची आघाडी घरच्या मैदानावर जाते तेव्हा बाकावरच्या माणसाला जाब विचारायलाच हवा. पण टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ असताना शेवटचे सहा सेकंद राहिले आणि जर्मनीला कॉर्नर मिळाला. श्रीजेशनं तो अडवला म्हणून रीड थोर. तो आत गेला असता तर? बाकावर बसून रीडनं त्या सहा सेकंदांत काहीच वेगळं केलेलं नव्हतं.

आता जरा घराजवळ येतो. कासारवाडीहून लोकलनं दोन स्टेशनं मागं गेलं की खडकी. धनराज पिल्लेचं खडकी. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेलं, मोडक्या स्टिकनं खेळायला शिकलेलं पोरगं चार ऑलिंपिक खेळलं. त्यातलं शेवटचं २००४ चं अथेन्स. धनराज तेव्हा छत्तीसचा. प्रशिक्षक गेरहार्ड राख नावाचा जर्मन. त्या स्पर्धेत धनराज बराच वेळ बाकावर बसला. खडकी बाजारात, दापोडीत, आपल्याकडं त्या ऑगस्टमध्ये दुसरा विषय नव्हता. "बाहेरच्या माणसाला धनराज काय कळणार!" मी तेव्हा नुकताच या धंद्यात उतरलो होतो, मीही तेच म्हणत होतो. आपली टीम सातवी आली. सगळा राग राखवर.

आज वीस वर्षांनी वाटतं, आपण भलत्या माणसावर भडकलो होतो. निदान भलत्या प्रमाणात तरी. धनराजला आणखी वेळ द्यायला हवा होता, यावर मी अजूनही ठाम आहे. पण मोठा निर्णय तो नव्हताच. ऑलिंपिक तोंडावर असताना राजिंदर सिंग यांना हटवून, या पोरांना धड न ओळखणारा नवा माणूस आणून बसवायचा, हा निर्णय. तो मैदानावर झाला नाही, दिल्लीत हॉकी महासंघाच्या ऑफिसात झाला. के. पी. एस. गिल १९९४ पासून तिथं अध्यक्ष होते आणि त्यानंतरही राहिले. १९९८ मध्ये बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकल्यावर धनराजसकट बऱ्याच जणांना टीमबाहेर ठेवलं, तोही निर्णय त्याच ऑफिसातला. त्यावर आपल्या टपरीवर किती ओरडा झाला? राखला मात्र आपण टीव्हीवर बघत होतो. दिसणाऱ्या माणसाला शिव्या घालणं सोपं असतं. राख गेला, नंतर आणखी प्रशिक्षक आले नि गेले. २००८ च्या मार्चमध्ये सांतियागोला ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिंपिकलाच मुकला. पात्रताच नाही. तेव्हा कुठं दिल्लीतली खुर्ची हलली.

हे पुराण सांगायचं कारण आपल्याच कॉलेजमध्ये आहे.

त्या दिवशी यादीत अठरा नावं होती. मैदानावर आले तेरा. गॅलरीतल्या साठांपैकी एकानं तरी विचारलं, बाकीचे पाच कुठं होते? मी विचारलं, तेही चार दिवसांनी. दोघांचं प्रॅक्टिकल होतं आणि त्या विभागानं सुट्टी दिली नाही. एकाला ताप. दोघं चाकणला कंपनीत कंत्राटावर लागलेत, त्यांची सेकंड शिफ्ट. घरी पैसे लागतात, मॅचसाठी खाडा करायचा म्हणजे दिवसाचा पगार गेला आणि सुपरवायझरची बोलणी वर. म्हणजे अकरा आत, दोन बाहेर, आणि त्या दोघांत एक पहिल्या वर्षाचं पोरगं. फ्लिकरला श्वास घ्यायला बाहेर काढायचं तर आत कोण जाणार होतं, याला दोनच उत्तरं होती. गॅलरीतून वाटत होतं, प्रशिक्षकाकडं सगळा बाजार मांडलेला आहे आणि हा मुद्दाम सडका कांदा उचलतोय.

वर्षभरात टीमला खऱ्या टर्फवर किती दिवस सराव मिळतो, हेही तुम्हीच जाऊन विचारा. बाकीचे दिवस कॉलेजमागच्या मुरमाच्या मैदानावर. मुरमावर चेंडू उड्या मारतो. तिथं पुश शिकलेलं पोर टर्फवर सरळ पुश करेल अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर ठेवतो? प्रशिक्षक मानधनावर आहेत. ते मानधन किती, ते मी लिहीत नाही, त्यांना लाज वाटेल आणि खरं तर वाटायला दुसऱ्यांना हवी. कॉलेजनं आता त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवलाय. फ्लिकर का काढला याचा खुलासा! अठराचे तेरा का झाले याचा खुलासा कुणी कुणाकडं मागितल्याचं मला तरी दिसलं नाही. "प्रशिक्षक बदला" म्हणून सह्यांचा कागद फिरतोय, त्यावर माझीही सही मागायला दोघं आले होते. मी विचारलं, नवा प्रशिक्षक आणलात तर तो त्या चाकणच्या दोघांना शिफ्टमधून सोडवून आणणार आहे का? गेले रागावून.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो तो भाग.

त्या चौदा सेकंदांच्या क्लिपमध्ये प्रशिक्षक दिसतच नाहीत. दिसतं ते पोरगं. वाकडा पुश मारणारं, मग चेंडूमागं धावताना घसरणारं, मग जमिनीवर बसून राहिलेलं. माझ्या मजकुरात शिवी प्रशिक्षकांना होती, पण चेहरा त्या पोराचा गेला. लोकांनी त्यावर गाणी चिकटवली. घसरतानाचा फोटो थांबवून त्यावर काय काय लिहिलं. एका महाभागानं कमेंट टाकली, याला आत का घातलं ते कळायला आडनाव बघा. म्हणजे प्रशिक्षकाचा निर्णय बाजूला राहिला आणि पोराची जात काढली. ती कमेंट माझ्या पोस्टखाली पाच तास होती. मी झोपलो होतो.

जुन्या लोकांना मीर रंजन नेगी आठवत असतील. १९८२ च्या दिल्ली एशियाडची फायनल, पाकिस्तानकडून १-७. गोलमध्ये नेगी. लोकांनी त्यांना विकला गेलेला ठरवून टाकलं. पुरावा शून्य, पण देशभर तेच. पुढं १९९८ ला बँकॉकमध्ये सुवर्ण आलं तेव्हा गोलकीपरांना शिकवणारे हेच नेगी, आणि ती फायनल टायब्रेकरवर गोलकीपरनंच जिंकून दिली. 'चक दे इंडिया' बघून आपण सगळे रडलो, २००७ मध्ये. पंचवीस वर्षांनी, तिकीट काढून. नेगींना ती पंचवीस वर्षं जगून काढावी लागली होती.

आपलं पोरगं नेगी नाही. एकोणीस वर्षांचं आहे, रात्री भोसरीला पॅकिंगच्या कामाला जातं, सकाळी सरावाला यायचं. यायचं म्हणतोय, कारण आता येत नाही. स्टिक कॉलेजची होती, ती मंगळवारी शिपायाकडं ठेवून गेलं. फोन बंद आहे.

काही जण म्हणतील, खेळात हे चालायचंच, कातडी जाड करायला शिकलं पाहिजे. कुणी करायची? हरमनप्रीतनं करावी, त्याच्यामागं देश आहे, नोकरी आहे, मन सांभाळायला माणसं आहेत. न्यूझीलंडकडून हरल्यावर रीडसुद्धा जाताना हेच म्हणाला होता, या टीमला मानसिक तयारीसाठी वेगळा प्रशिक्षक हवा. मग पॅडी अप्टनला आणलं. आपल्या कॉलेजच्या टीमकडं फर्स्ट एडची पेटी आहे, आणि त्यात बर्फाचा स्प्रे संपलेला आहे.

आणि प्रशिक्षकांचं काय होईल ते मी आत्ताच सांगतो, लिहून ठेवा. खुलासा देतील, राहतील. पुढच्या मॅचला फ्लिकर पाय ओढत असला तरी त्याला बाहेर काढणार नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोराला शेवटच्या क्वार्टरमध्ये हात लावणार नाहीत. गॅलरी गप्प राहील असेच निर्णय घेतील. दोन वर्षांनी हा फ्लिकर पास होऊन जाईल, तेव्हा मागं कुणी तयार झालेलं नसेल, आणि आपण गॅलरीतून ओरडू की याला नवी पोरं घडवताच येत नाहीत.

तर माझ्यापुरतं सांगतो. या पोस्टखाली प्रशिक्षकांच्या निर्णयावर काय वाटेल ते लिहा. चुकला म्हणा, दहादा चुकला म्हणा, मीही म्हणतोय. कोणत्या मिनिटाला, कुणाच्या जागी कोण, तुम्ही काय केलं असतं, तेही लिहा. जो क्लिप टाकेल त्याची कमेंट उडणार. जो आडनाव काढेल त्याला कायमचा ब्लॉक, मग तो माझा वर्गमित्र असो की नगरसेवकाचा माणूस. आणि ज्यांच्या मोबाईलमध्ये ती क्लिप अजून आहे त्यांनी ती पुसावी ही विनंती. मी पुसलीय. ज्या तीन ग्रुपवर मी ती टाकली होती तिथं माफीही लिहिलीय. एका ग्रुपवर हसण्याचे इमोजी आले. येऊ देत.

रविवारी सकाळी साडेसहाला मुरमाच्या मैदानावर सराव आहे. प्रशिक्षकांना विचारून लिहितोय, कुणीही येऊ शकतं. दुसरा फ्लिकर का तयार झाला नाही हे ज्यांना विचारायचंय त्यांनी तिथं येऊन विचारावं. आणि त्या पोराच्या घराजवळ राहणारं कुणी हे वाचत असेल तर त्याला एवढा निरोप द्या: स्टिक शिपायाच्या कपाटातच आहे, दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.